हलक्या ब्लॉकच्या भिंतीवरचं बाहेरचं प्लास्टर का तडकतं?

नव्या इमारतीला रंग लागून एखादा उन्हाळा गेला, की भिंतीवर रेषा दिसायला लागतात. आरसीसी खांबाच्या कडेने वरपासून खालपर्यंत गेलेली एक सरळ रेघ. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली दुसरी. पश्चिमेच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा. पावसाळ्यात त्यातून पाणी आत शिरतं, कपाटामागे बुरशी धरते आणि सोसायटीच्या सभेत वाद सुरू होतो. कुणी म्हणतं सिमेंट कमी घातलं, कुणी म्हणतं गवंडी कच्चा होता, कुणी थेट ब्लॉकलाच नावं ठेवतं.

यातला ‘सिमेंट कमी घातलं’ हा संशय सगळ्यात आधी येतो आणि बहुतेक वेळा तोच चुकीचा ठरतो. हलक्या ब्लॉकवरचं प्लास्टर अनेकदा सिमेंट जास्त झाल्यामुळे तडकतं. विटेच्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडलेल्या सवयी, म्हणजे भिंत भरपूर भिजवणं, दणकट माल लावणं, बांधकाम झालं की लगेच परांची बांधून गिलाव्याला लागणं, या ब्लॉकवर उलट्या पडतात.

ब्लॉक म्हणजे वीट नव्हे

पुण्यात बांधकामावरची माणसं या ब्लॉकला अजूनही ‘सिपोरेक्स’ म्हणतात. ते मुळात एका स्वीडिश ब्रँडचं नाव. हा पदार्थ १९२० च्या दशकात स्वीडनमध्ये ॲक्सेल एरिकसन या वास्तुरचनाकाराने विकसित केला, आणि १९७० च्या दशकात बी. जी. शिर्के यांच्या समूहाने तो पुण्यात बनवायला सुरुवात केली. आज अनेक कंपन्या तो बनवतात आणि कागदोपत्री त्याला एएसी ब्लॉक म्हणतात.

औष्णिक वीज केंद्रातली राख किंवा दळलेली वाळू, चुना, सिमेंट, थोडं जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड पाण्यात कालवली, की चुना आणि ॲल्युमिनियम यांच्या प्रक्रियेतून हायड्रोजन वायू सुटतो. ढोकळ्याचं पीठ फुगावं तसं ते मिश्रण साच्यात फुगतं. अर्धवट घट्ट झालं की तारेने त्याच्या वड्या पाडतात आणि मोठ्या बंद टाकीत, १८० ते २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या दाबाखालच्या वाफेत, काही तास शिजवतात. तयार होतो तो बुडबुड्यांनी भरलेला, करवतीने कापता येणारा ठोकळा. ६०० × २०० × १५० मिलिमीटरचा एक ब्लॉक कोरडा असताना साधारण ११ किलो भरतो. तेवढीच जागा भरायला नऊएक विटा लागतात आणि त्यांचंच वजन २७ किलोच्या आसपास जातं. उंच इमारतींना हा ब्लॉक का आवडतो, ते यावरून कळतं.

या हलकेपणासोबत तीन गुण येतात आणि प्लास्टरचं सगळं दुखणं त्यातच आहे. ब्लॉक मऊ असतो. तो पाणी ओढतो, तेही विटेपेक्षा वेगळ्या पद्धतीने. आणि वाळताना तो आकसतो.

आकसण्यापासून सुरुवात करू. कारखान्यातून बाहेर पडताना ब्लॉकच्या अंगात त्याच्या कोरड्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी असू शकतं. हे पाणी पुढे काही महिने हळूहळू निघून जातं आणि ब्लॉक तेवढा लहान होतो. भारतीय मानक आयएस २१८५ (भाग ३) नुसार पहिल्या प्रतीच्या ब्लॉकचं हे आकुंचन ०.०५ टक्क्यापेक्षा आणि दुसऱ्या प्रतीच्या ब्लॉकचं ०.१० टक्क्यापेक्षा जास्त असू नये. आकडा नगण्य वाटतो. पण चार मीटर लांबीच्या भिंतीत ०.०५ टक्के म्हणजे दोन मिलिमीटर, आणि ०.१० टक्के म्हणजे चार. भिंत दोन्ही बाजूंनी खांबांत अडकलेली असते. तिला आकसायचं तर कुठेतरी फटावंच लागतं आणि ती तिच्या सगळ्यात कच्च्या जागी फटते. वर लावलेल्या प्लास्टरला मग भिंतीबरोबर चिरण्यावाचून दुसरा मार्ग नसतो.

म्हणून ब्लॉक ट्रकमधून उतरल्यावर उघड्यावर, पावसात किंवा थेट जमिनीवर रचून ठेवणं ही पहिली चूक. ब्लॉक फळ्यांवर रचून प्लास्टिकने झाकलेले हवेत आणि भिंतीत जाण्याआधी शक्य तितके सुकलेले हवेत.

इथे एक सावधगिरी. बाजारात सीएलसी नावाचेही हलके ब्लॉक मिळतात. त्यात फेस मिसळलेला असतो आणि ते दाबाच्या वाफेत शिजवलेले नसतात. दिसायला सारखेच असले तरी त्यांचं आकुंचन एएसीपेक्षा बरंच जास्त असतं. कमी भावात ‘तसाच’ ब्लॉक मिळतोय म्हणून घेतला, तर पुढे प्लास्टरवर कितीही मेहनत घेतली तरी ती अपुरी पडते.

दणकट प्लास्टरचा तोटा

राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत बाहेरच्या सँडफेस प्लास्टरचं वर्णन ठरलेलं आहे: १:४ मालाचा १५ मिलिमीटरचा पहिला थर, वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून; त्यावर १:४ मालाचाच ६ ते ८ मिलिमीटरचा दाणेदार थर. महाराष्ट्रातल्या बहुतेक गवंड्यांच्या हातात हेच प्रमाण बसलेलं आहे. विटेवर आणि काँक्रीटवर ते चालतं.

ब्लॉकवर काय होतं ते आकड्यांतून दिसतं. एक भाग सिमेंट आणि चार भाग वाळूचा माल पूर्ण पक्का झाल्यावर साधारण ७.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढा दाब सोसतो. साधारण ६०० किलो घनतेच्या ब्लॉकला मानकाची अपेक्षा ३ ते ४ न्यूटनची आहे. म्हणजे खालच्या भिंतीच्या दुप्पट ताकदीची साल आपण तिच्यावर चढवतो. जास्त सिमेंटचा माल वाळताना जास्त आकसतो आणि आकसताना जास्त जोर लावतो. साल जिंकली तर ब्लॉकचा वरचा पापुद्रा घेऊनच सुटते. ठोकल्यावर पोकळ आवाज येणारी जागा ती हीच. साल हरली तर ती स्वतः चिरते.

गिलाव्याचा जुना नियम असा, की आतून बाहेर येताना प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा कमजोर हवा. त्या हिशेबाने ब्लॉकवर १:६ सिमेंट-वाळू किंवा त्याहून चांगलं म्हणजे १:१:६, एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू, हा माल योग्य. त्याची ताकद ३ न्यूटनच्या आसपास येते, म्हणजे ब्लॉकच्या जोडीची. चुन्यामुळे माल लोण्यासारखा पसरतो, पाणी धरून ठेवतो आणि सावकाश कडक होतो. भिंत हलली तर थोडं वाकून घेण्याइतका वेळ त्याच्याकडे असतो. चुना कालवायची सवय आता साइटवरून जवळपास गेली आहे. म्हणूनच पिशवीतल्या रेडी-मिक्स प्लास्टरला मागणी वाढली. त्यात पाणी धरून ठेवणारे पदार्थ आधीच मिसळलेले असतात. ते महाग पडतं, पण ज्या साइटवर मालाचं प्रमाण घमेल्याच्या अंदाजाने ठरतं तिथे तो खर्च वाया जात नाही.

वॉटरप्रूफिंग कंपाउंडबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. ते घातलं की भिंत गळणार नाही, असं मानलं जातं. कंपाउंड अखंड प्लास्टरमधून पाणी झिरपणं कमी करतं. अर्ध्या मिलिमीटरच्या चिरेतून वाऱ्याबरोबर आत ढकलल्या जाणाऱ्या कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाला ते अडवू शकत नाही.

वाळूचाही यात हात आहे. नदीची वाळू दुर्मीळ आणि महाग झाल्यापासून राज्यात काळ्या दगडाची क्रश सँड सर्रास वापरली जाते. ती वाईट नाही, पण न धुतलेल्या वाळूत दगडाची भुकटी फार असते. भुकटी जास्त म्हणजे माल कालवायला पाणी जास्त, आणि जेवढं पाणी जास्त तेवढं वाळतानाचं आकुंचन जास्त. प्लास्टरसाठी वेगळी, धुतलेली वाळू मागवायला हवी. बांधकामाची उरलेली वाळू चाळून वापरली की जाळ्यासारख्या चिरांची सोय झालीच.

पाणी किती मारायचं?

वीट लावण्याआधी टाकीत भिजवतात आणि विटेच्या भिंतीवर प्लास्टरपूर्वी पाइप धरून मनसोक्त पाणी मारतात. ब्लॉकच्या भिंतीवर तसं केलं, तर महिनाभर वाळलेली भिंत पुन्हा फुगते आणि प्लास्टरखाली पुन्हा आकसायला लागते. सगळी वाट पाहणी फुकट.

पण अगदी कोरडी भिंतही चालत नाही. ब्लॉकची छिद्रं ताज्या मालातलं पाणी हळूहळू पण सतत ओढत राहतात. सिमेंटला घट्ट व्हायला लागणारं पाणीच निघून गेलं, की प्लास्टर जळतं. वरून ते ठीक दिसतं, आतून भुसभुशीत राहतं आणि नखाने खरवडलं की वाळू सुटते.

मधला मार्ग असा: आधी ब्रशने किंवा हवेने भिंतीवरची धूळ काढायची, कारण कापलेल्या ब्लॉकवर पिठासारखी भुकटी असते आणि माल भिंतीला न चिकटता तिलाच चिकटतो. मग ब्रशने किंवा फवाऱ्याने भिंत नुसती ओलसर करायची. पाण्याची चमक गेली, पण हात लावल्यावर गारवा जाणवतोय, या क्षणी काम सुरू करायचं. त्याआधी सिमेंट आणि जाड वाळूचा पातळ माल भिंतीवर शिंपडून घेतला, तर प्लास्टरला धरायला खरखरीत जागा मिळते आणि भिंतीची तहानही थोडी आवरते. हा शिंपडा सिमेंटने समृद्ध असतो आणि वर सांगितलेल्या नियमात बसत नाही. तरी तो चालतो, कारण तो सलग थर नसून तुटक ठिपके असतात आणि ठिपक्यांना एकत्र आकसून भिंत ओढता येत नाही. तो दोन-तीन दिवस ओला ठेवून कडक होऊ द्यायचा. कंपन्यांचे तयार बाँडिंग द्रावही मिळतात. ते लावले तर ते पूर्ण सुकण्याआधी प्लास्टर चढवायचं की नंतर, हे पिशवीवर लिहिलेलं असतं आणि फार थोडे लोक वाचतात.

भिंतीचे सांधे

भिंतीच्या मधोमध पडणाऱ्या चिरांपेक्षा सांध्यांवर पडणाऱ्या चिरा जास्त त्रास देतात. काँक्रीटचा खांब आणि ब्लॉकची भिंत वाळण्यात, तापण्यात, वाकण्यात वेगवेगळ्या वागतात आणि प्लास्टर मात्र दोघांवरून सलग जातं. त्या रेषेवर जाळी लागतेच. सांध्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५० मिलिमीटर जाईल एवढी पट्टी हवी. साइटवर ‘चिकन मेश’ वापरतात. समुद्राजवळ तिला गंज चढतो, म्हणून तिथे अल्कली सोसणारी फायबरची जाळी बरी. खिडकीच्या मच्छरदाणीची फायबर जाळी सिमेंटमध्ये टिकत नाही, ती गळून जाते. दोन्ही दिसायला मात्र सारख्या.

जाळी कुठे बसते याला फार महत्त्व आहे. सहसा ती खिळ्यांनी भिंतीला चिकटवून ठोकतात आणि वरून माल ओढतात. जाळीमागे माल जात नाही, पोकळी राहते आणि चीर तिथेच येते. आधी पातळ थर, त्या ओल्या थरात दाबलेली जाळी, मग वरचा माल, असा क्रम असेल तर जाळी प्लास्टरच्या आत राहते आणि तिचा उपयोग होतो. खिडक्या-दारांच्या कोपऱ्यांवर जाळीचा एक तुकडा तिरका लावायचा, कारण तिथली चीर तिरकी निघते.

सगळ्यात दुर्लक्षित सांधा म्हणजे भिंतीचा माथा. वरचं बीम काही महिने थोडं थोडं खाली वाकत असतं. भिंत बीमपर्यंत घट्ट बांधून लगेच मालाने भरली, तर बीम आपलं ओझं त्या मऊ भिंतीवर टेकवतं. म्हणून वर १० ते १५ मिलिमीटरची फट सोडून, वरच्या मजल्यांचं काम बरंचसं झाल्यावर ती भरायची. उंच इमारतीत खालच्या मजल्यांच्या भिंती आधी बांधायची घाई असते, कारण काम पुढे गेलेलं दिसतं आणि पुढचा हप्ता मागता येतो. त्या घाईची किंमत खालच्या मजल्यावरच्या घरमालकाला मोजावी लागते.

खांबाचा पृष्ठभागही बघावा लागतो. शटरिंगच्या तेलाने गुळगुळीत झालेल्या काँक्रीटवर प्लास्टर धरत नाही. तेल धुऊन काढून छिन्नीने टोचे मारावे लागतात. सहा-आठ मीटरपेक्षा लांब भिंतीत मध्ये उभा सांधा सोडणं आणि बीमच्या खालच्या कडेला प्लास्टरमध्ये मुद्दाम सरळ खाच पाडून ती लवचीक सीलंटने भरणं, हेही शहाणपणाचं. चीर पडणारच असेल तर ती आखलेल्या जागी पडलेली बरी.

विजेच्या नळ्यांसाठी भिंत फोडायची असेल, तर ग्राइंडरने दोन रेघा कापून मधला भाग काढायचा, हातोड्याने नव्हे. खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको. ती प्लास्टरच्या आधी भरून तिच्यावरही जाळीची पट्टी हवी.

प्लास्टर चढवण्याचे दिवस

भिंत बांधून झाल्यावर किमान दोन आठवडे आणि जमलं तर महिनाभर तिला हात लावू नये. बाहेरचं प्लास्टर दोन थरांत करायचं: पहिला १० ते १२ मिलिमीटरचा, तारेच्या कुंचीने किंवा थापीने ओरखडे काढलेला, दुसरा ६ ते ८ मिलिमीटरचा, पहिल्याहून जरासुद्धा दणकट नसलेला. भिंत ओळंब्यात नसेल आणि कुठे ३० मिलिमीटर जाडी भरावी लागत असेल, तर तीही एका दमात नाही. जाड थर आपल्याच वजनाने ओला असतानाच खाली सरकतो आणि आडव्या चिरा पडतात. चांगल्या ब्लॉकचे माप नेमके असतात, त्यामुळे एवढी जाडी लागत असेल तर दोष भिंत बांधणाऱ्याचा आहे.

उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत दुपारी प्लास्टर करायची नाही, सूर्यामागून जायचं: सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व. ब्लॉक उष्णता आत जाऊ देत नाही, हा त्याचा गुण. पण त्यामुळे सगळं ऊन बाहेरच्या दोन सेंटिमीटरमध्येच अडकतं आणि ब्लॉकवरचं प्लास्टर विटेवरच्यापेक्षा जास्त तापतं आणि लवकर गार होतं. गडद रंग दिला तर आणखी.

घोटाईबद्दलही सांगायला हवं. शेवटी भिंत गुळगुळीत दिसावी म्हणून काही कारागीर ओल्या प्लास्टरवर कोरडं सिमेंट भुरभुरून रंध्याने घासतात. मालक खूश होतो. पण त्या वरच्या पापुद्र्यात निव्वळ सिमेंट असतं आणि काही दिवसांत त्यावर जाळं उमटतं. बाहेरच्या भिंतीला दाणेदार पोत यासाठीच योग्य आहे.

नंतर किमान सात दिवस प्लास्टर ओलसर ठेवायचं. पाइपचा जोरदार फवारा नको, बारीक तुषार किंवा भिजवलेले गोणपाट हवेत. दिवसातून एकदा धो धो पाणी आणि मधे कडक ऊन, यापेक्षा चार वेळा थोडं थोडं पाणी केव्हाही बरं.

चिरा पडल्याच तर

चीर कधी आणि कशी पडली, यावरून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं. पहिल्या दिवशी दिसलेल्या चिरा ऊन, वारा किंवा कोरड्या भिंतीने पाणी ओढल्याच्या. पहिल्या महिन्यातलं बारीक जाळं जास्त सिमेंटचं, भुकटीचं किंवा घोटाईचं. वर्षभराने आलेल्या सरळ, पायरीसारख्या किंवा तिरक्या रेषा भिंतीच्या हालचालीच्या, आणि त्या नुसत्या रंगाने झाकत नाहीत.

दुरुस्तीआधी चीर अजून हलते आहे का ते बघायला हवं. तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहायची आणि मधोमध रुंदी मोजून ठेवायची. काही महिन्यांनी चीर खुणेच्या पुढे गेली किंवा रुंदावली असेल, तर सिमेंटने भरणं व्यर्थ, तिथे लवचीक सीलंटच लागेल. थांबली असेल, तर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करून, धूळ काढून, पॉलिमर माल भरून वर जाळीची पट्टी लावता येते. जिथे ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, तेवढं प्लास्टर काढून पुन्हा करावं लागतं. वरून थर देऊन ते धरत नाही. केसाएवढ्या बारीक जाळ्यासाठी मात्र लवचीक बाहेरचा रंग दोन हात पुरतो.

हे सगळं काम दिवाळीनंतर करावं. पावसाने भिजलेला ब्लॉक सुकायला आठवडे घेतो, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला ओल्या भिंतीवर केलेली दुरुस्ती मार्चपर्यंत पुन्हा चिरलेली असते.